मागचा लाल दिवा

सांडू डायव्हर मागं वळून बघत नाही, अशी सगळ्या औरंगाबादेत त्याची ख्याती होती. टांगेवाले चेष्टेनं म्हणायचे, ह्याच्या पाठीत कुणी सुरी खुपसली तरी हा आधी मोटार कडेला लावंल आणि मग मरंल. टांगेवाल्यांचं काय जातंय बोलायला! मागं बघायचं नाही हीच त्याची चाकरी होती, हे त्यांना कोण सांगणार?

तो नजमुन्निसा बेगमची मोटार चालवायचा. बेगमचे मालक निजाम सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. पाणचक्कीच्या पलीकडं त्यांचा बंगला, आणि बंगल्यात ही काळी अमेरिकन मोटार. घर कडक पडद्याचं. मोटारीत मागच्या बाजूला तिन्ही अंगांनी जाड पडदे लावलेले. डायव्हरला मागचं दिसावं म्हणून डोक्याशी जो आरसा असतो, तोही साहेबांनी मोटार आली त्याच दिवशी काढून ठेवला होता. त्यात बेगमचा चेहरा पडू नये म्हणून. डायव्हर कुठल्याही जातीचा असो, बायामाणसं मागं बसली की त्यानं समोर बघायचं, बस. साहेब वारले तरी बेगमनं हा रिवाज मोडला नाही. आरसा कुठल्याशा कपाटात पडून राहिला.

मग झालं काय, की मागून कोण येतंय, किती जवळ आलंय, हे सांडूला काही कळायचं नाही. मागच्याशी बोलायला त्याच्याजवळ एकच गोष्ट होती. मोटारीच्या पाठीला उजव्या अंगानं एक लाल दिवा होता. ब्रेकवर पाय पडला की तो लागायचा आणि मागच्याला कळायचं, पुढचा थांबतोय, आपणही थांबावं. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, बेगम खुलताबादला साहेबांच्या कबरीवर फुलं घालायला जायची. दौलताबादच्या पुढचा तो घाट, मागंपुढं बैलगाड्या, टांगे, माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी. तिथून उतरताना सांडूचा सगळा जीव त्या दिव्यात असायचा, आणि तो दिवा त्याला स्वतःला कधी दिसायचा नाही.

म्हणून तो बघायचं काम त्यानं बायकोवर सोपवलं होतं. आवडाबाई मुकुंदवाडीची. बंगल्यामागं चाकरांच्या खोल्या होत्या, त्यातली एक ह्या दोघांची. ती जनान्यात भांडी घासायची, निवडणं-टिपणं करायची. दोन लेकरं झाली, दोन्ही अंगावर पीत होती तवाच गेली. मग ही दोघंच एकमेकाला राहिली. जुमेरातीला सकाळी मोटार बाहेर काढली की ती ओले हात पदराला पुसत मागं जाऊन उभी राहायची. सांडू ब्रेक दाबायचा. पेडलची स्प्रिंग जुनी, दाबली की कण्हायची. मागून आवडाबाई म्हणायची, "लागला." मग सांडू निघायचा. हा एक शब्द ऐकल्याबगर त्यानं कधी मोटार फाटकाबाहेर काढली नाही. नवराबायकोत लाडाचं बोलणं आमच्याकडं कुठं असतंय, पण आठवड्यातून एकदा हे एवढं असायचं.

एकदाच, वर्ष-दीड वर्षामागं, ती "नाय लागला" म्हणाली होती. सांडूनं पुन्हा दाबला. ती पुन्हा म्हणाली, "नाय." बेगम आत येऊन बसलेली, ऊन चढलेलं. सांडूनं घरातला वरवंटा आणला, पेडलवर ठेवला आणि मागं जाऊन बघितलं. दिवा चांगला लखलखत होता. त्याचं डोकंच फिरलं. "समोरचा दिवा दिसंना व्हय तुला? उभं राहायचं तर नीट उभं राहा, नाय तर माळ्याला उभा करतो." माणूस घाईत काय काय बोलून जातो. छावणी येईस्तोवर सांडू ते विसरूनही गेला. आवडाबाई विसरली नाही. त्या दिवसापासून तिनं "नाय" असं कधी म्हटलं नाही.

तर इंग्रज-जर्मनीच्या लढाईचे दिवस होते. एका जुमेरातीला छावणीच्या अलीकडं शेरडांचा कळप आडवा आला आणि सांडूनं करकचून ब्रेक मारला. मागून कडूबाचा टांगा येत होता. घोडं सरळ मोटारीवर आदळलं. आत बेगम किंचाळली. सांडू खाली उतरला, तर घोड्याची छाती फाटलेली, रक्त गळतंय, आणि कडूबा त्याच्या गळ्याला मिठी मारून उभा.

"दिवा कुठंय तुझा?" कडूबा म्हणाला. "दिवा लागला आसता तर मी लगाम खेचला नसता का?"

"सकाळीच बायकोनं बघितलाय माझ्या."

"मग आत्ता दाब की, मी बघतो."

सांडूनं दाबला. चार माणसं मागं उभी होती. कुणालाच दिवा दिसला नाही. सांडूनं काच काढून बघितलं तर बल्ब आतून काळा पडलेला, तार तुटलेली. वाटेतच गेला असणार, दुसरं काय! त्यानं कडूबाला तसं सांगितलं. कडूबा घोड्याला हातानं धरून चालत घेऊन गेला.

संध्याकाळी बेगमनं पडद्याआडून सांगितलं, "बत्ती दुरुस्त हुए तक मोटार बाहर नक्को निकालो." आणखीही सांगितलं. साहेबांची बरसी, वारल्याची तिथी, जवळ आली होती. तोवर दिवा झाला तर ठीक, नाही तर मोटार हैदराबादला पुतण्याकडं पाठवायची. पुतण्या कधीचा मोटारीवर डोळा ठेवून होता. मोटार गेली की डायव्हर कशाला, आणि डायव्हर नाही तर मागची खोली तरी कुणासाठी? बेगम वाईट बाई नव्हती, पण त्या दिवशी ती फार घाबरली होती.

सांडूनं खोलीवर येऊन हे सांगितलं तेव्हा आवडाबाई चुलीपाशी बसली होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "घोडं जगंल का?"

"जगंल. पण लई दिवस जुपता यायचं नाय त्याला."

दुसऱ्या दिवशी ती हळद आणि तेल घेऊन भिंतीच्या कडंकडंनं कडूबाच्या घरी गेली. घोड्याच्या जखमेवर स्वतःच्या हातानं लावून आली. मग रोजच जायला लागली. सांडूला हे आवडलं नाही. "तो चार माणसांत आपल्याला खोटं पाडतो, आन् तू त्याच्या घोड्याची सेवा करतीस. कामून?" आवडाबाई म्हणाली, "मुकं जनावर हाय." 

औरंगपुऱ्यात मजीदचं सायकली आणि मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. लढाईमुळं मुंबईहून माल येणं जवळजवळ बंद झालेलं. मजीदनं खोकी उपसली, फळ्यांवरचे डबे उलटे केले, आणि शेवटी एक बल्ब काढून फुंकर मारून पुसला. जुन्या बल्बशेजारी धरून बघितला. बुडाच्या खुंट्या तशाच, आकार तोच. "घेऊन जा सांडूभाई. नसीबवाले आहात."

सांडूनं भर दुपारी बल्ब बसवला. बल्ब जागेवर कटकन बसला. मग आवडाबाईला मागं उभं केलं, पुढं जाऊन ब्रेक दाबला. स्प्रिंग कण्हली.

"लागला," आवडाबाई म्हणाली.

सांडूच्या जिवात जीव आला. तो तसाच मोटार घेऊन टांग्यांच्या अड्ड्यावर गेला, कडूबाला दाखवायला. कडूबा घोड्याविना नुसताच तिथं बसलेला असायचा. सांडू म्हणाला, "बघ रे, स्वतःच्या डोळ्यानं बघ." आणि ब्रेक दाबला.

"नाय लागला," कडूबा म्हणाला.

"नीट बघ."

"माझ्या घोड्याची आण, सांडूबा. नाय लागला."

सांडूला वाटलं, हा दावा साधतोय. त्यानं पानवाल्याला बोलावलं, रस्त्यानं चाललेल्या एका म्हाताऱ्याला थांबवलं. दोघांनीही मान हलवली. मग मात्र तो तणतणत मजीदकडं गेला. घरी लागतो आणि रस्त्यावर विझतो, असला कसला बल्ब दिलास म्हणून.

मजीदनं बल्ब काढून दुकानातल्या बॅटरीला जोडला. आतली तार जेमतेम लालसर झाली. त्यानं बल्बच्या बुडावरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. "माझीच चूक झाली. तुमच्या मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची, हा बारा व्होल्टचा. बसतो, पण पेटत नाही नीट." मग जरा थांबून म्हणाला, "पण सांडूभाई, हा दुपारच्या उन्हात भाभींना दिसला कसा?"

"माझी बायको खोटं बोलत नाय," सांडू म्हणाला.

मजीद चांगला माणूस. त्यानं पुढं काही विचारलं नाही. त्यानं सोडला तरी तो प्रश्न सांडूबरोबर घरापर्यंत आलाच. जेवताना सांडू म्हणाला, "आवडे, मजीद म्हणतो दिवा लई बारीक लागत होता."

आवडाबाईचा हात भाकरीवर थांबला. मग ती म्हणाली, "व्हय. बारीकच होता. पण होता."

झालं! सांडूला काय हर्ष झाला म्हणून सांगू. जो दिवा तीन पुरुषांना दिसला नाही तो हिनं बघितला. दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्याला सांगितलं, मजीदला सांगितलं, भेटंल त्याला सांगितलं, आमच्या घरच्या मंडळींची नजर म्हणजे घारीची. आवडाबाई दाराआड बसून हे सगळं ऐकत होती. त्या वेळी तिला काय वाटलं असंल, ते तिचं तिला ठाऊक.

आता सहा व्होल्टचा बल्ब आणायचा कुठून? मजीदनंच पत्ता काढला. जालन्याला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या आवारात अशीच एक अमेरिकन मोटार सडत पडली होती. सांडू सकाळच्या गाडीनं जालन्याला गेला. मोटारीच्या टपावर कबुतरं बसलेली, गाद्या उंदरांनी पोखरलेल्या, चाकं कुणी तरी कधीच नेलेली. तिथला राखणदार म्हणाला, "बल्ब व्हय? खुशाल न्या. ही काय आता कुठं चाललीय?" मागच्या दिव्याची काच शाबूत होती. सांडूनं ती अलगद काढली, बल्ब फिरवून बाहेर घेतला, बुडावरचे आकडे मजीदनं शिकवले तसे वाचले. सहा. मजीदनं बरोबर दिलेल्या बॅटरीला तिथंच लावून बघितला. बल्ब असा भगभगून पेटला की सांडूच्या डोळ्यांत पाणी आलं. राखणदारानं सरकीचा कापूस आणून दिला, त्यात त्यानं तो गुंडाळला आणि परत येताना सबंध वाट हातात धरून बसला. आपली खोली, आवडीची चूल, बेगमची बरसी, सगळं त्या कापसात आहे असं त्याला वाटत होतं.

बरसीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं मोटार बाहेर काढली. आवडाबाई पदराला हात पुसत आली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. सांडूनं दिव्याची काच उतरवली, मजीदनं तोवर परत बसवून दिलेला बारा व्होल्टचा बल्ब काढून खिशात टाकला. नवा बल्ब घ्यायला हात पुढं केला, तर कापसाची पुडी पुढच्या सीटवरच राहिलेली. तो पुढं गेला. दारातून आत वाकला, पुडी पलीकडं सरकली होती म्हणून एक पाय आत टाकला. तो पाय पडला पेडलवर. स्प्रिंग कण्हली.

"लागला," मागून आवडाबाई म्हणाली.

सांडू तसाच वाकलेला राहिला. पुडी त्याच्या हातात होती. मागं दिव्याच्या घरात नुसतं भोक होतं. त्याला आधी हसूच आलं, म्हटलं गंमत करतीय. पण आवडाबाई असल्या गमती करणारी नव्हती. त्यानं पाय उचलला आणि मुद्दाम, सावकाश, पुन्हा ठेवला.

"लागला की," ती म्हणाली.

तो पावलं न वाजवता मागं आला. ती दिव्याकडं तोंड करून उभी होती, मान ताठ, डोळे उघडे. एरवी तो कधी इतक्या जवळून तिच्याकडं बघायचा नाही. आज बघितलं. तो तिच्या एका अंगाला येऊन उभा राहिला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती तशीच मोटारीकडं बघत, पुढच्या सीटवर तो बसलाय असं समजून म्हणाली, "चांगला लागतोय आता."

"आवडे," सांडू म्हणाला.

ती दचकली आणि आवाजाच्या दिशेनं वळली. सांडूनं हात पुढं केला. तिनं तो शोधायला हात हलवला, तो भलतीकडंच गेला.

"दिव्यात बल्ब नाय, आवडे. अजून बसवलाच नाय मी."

मग तिला कळलं. ती मोटारीला पाठ टेकून खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "पेडल वाजतं ना. ते वाजलं की मी म्हणते."

"कधीपासून?"

"आधी कडा गेल्या. मग मधलं उरलं, सुईच्या नेढ्याएवढं. त्यातून बघायचे. नेम धरून बघावं लागायचं. तवा एकदा नेम चुकला आन् मी नाय म्हणाले, तुम्ही चिडलात. मग नेढंबी गेलं. आता उजेड हाय की अंधार, तेवढंच कळतंय."

"मला सांगायचं नाय?"

"तुम्ही म्हणला होता, माळ्याला उभा करतो. बेगमला कळलं आसतं तर कामावरून काढलं आसतं, ती एक भीती होतीच. पण खरं सांगू का, तुम्ही मागं बघत नाय. माझा एवढा एक शब्द तुमच्यासंगं जात होता. तो माळ्याला कशाला द्यायचा?" आणि मग तिला रडू फुटलं, ते घोड्यासाठी. "त्या मुक्या जनावराची छाती माझ्यामुळं फाटली. तुमचं काय झालं आसतं घाटात."

सांडू तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याला आता एकेक आठवायला लागलं. भिंतीच्या कडंकडंनं चालणं. तांदूळ बोटांनी चाचपून निवडणं. भाजीत दोनदा पडलेलं मीठ, त्यावरून तो केवढा बोलला होता. बंगल्याच्या पायरीवरून ती पडली तेव्हा तो म्हणाला होता, ध्यान कुठं असतं तुझं. बाई त्याच्या डोळ्यांदेखत आंधळी झाली आणि हा शहाणा गावभर तिची नजर घारीची म्हणून सांगत फिरत होता. त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. आवडाबाईनं तो आवाज ऐकला आणि चाचपत त्याचा हात धरून ठेवला.

दवाखान्यात तो तिला त्याच दुपारी घेऊन गेला. डॉक्टरांनी पापण्या वर करून बराच वेळ बघितलं. म्हणाले, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढला असता. ह्यात गेलेली नजर परत येत नाही. सुरुवातीला आणलं असतं तर जी होती ती राहिली असती. सांडूनं विचारलं, सुरुवात म्हणजे कधी. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दोन वर्षांमागं. हा मनाशी हिशेब करायला लागला आणि वरवंटा पेडलवर ठेवला त्या दिवसापाशी येऊन थांबला. त्या दिवशी "नाय लागला" हे तिनं खरं तेच सांगितलं होतं. तिला दिसलेलंच नव्हतं.

बेगमला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. चाकरी जाईल तर जाईल म्हणून.  पडद्याआडून बेगम म्हणाली, आवडा इथंच राहील. ती जनान्यात माझ्याजवळ बसेल, तिला कुणी काम सांगायचं नाही. बरसीला मात्र उशीर नको.

बरसीच्या सकाळी सांडूनं जालन्याचा बल्ब बसवला, काच घट्ट केली. मग वरवंटा आणायला खोलीकडं निघाला, तर आवडाबाई दारात उभी. पदराला हात पुसत.

"मी येते," ती म्हणाली.

"तू काय करणार येऊन?"

"उभी राहते."

त्याला नाही म्हणवलं नाही. हाताला धरून त्यानं तिला मागं नेलं. वरवंटा पेडलवर ठेवला आणि स्वतः मागं आला. दिवा लागला होता. त्या लाल उजेडात तिच्या लुगड्याचे काठ उजळून निघाले होते. ती त्याच्याकडं तोंड करून विचारत होती, "लागला?"

"लागला," सांडू म्हणाला. हा शब्द त्यानं तिला पहिल्यांदाच सांगितला.

तिनं हात पुढं केला. त्यानं तो धरून काचेवर ठेवला. ती बराच वेळ तशी उभी राहिली. मग म्हणाली, "ऊब लागतीय हाताला. आता तुम्ही पुढं बसा. वरवंटा काढा. मी सांगते."

सांडू पुढं जाऊन बसला. वरवंटा काढला, आवडाबाईच्या हाताखालची काच गार होईस्तोवर थांबला. बेगम फुलांच्या परड्या घेऊन मागं येऊन बसली आणि, उशीर नको म्हणणारी ती बाई, वाट बघत राहिली. सांडूनं ब्रेक दाबला. स्प्रिंग कण्हली. मागून आवाज आला नाही. काचेला ऊब यायला वेळ लागतो. तो समोर बघत राहिला, मागं बघायचं नव्हतंच. पायाला कळ यायला लागली तरी त्यानं पेडल सोडलं नाही.